साप शिट्टी वाजवतो तेव्हा

रात्री पंखा बंद केला, घर शांत झालं आणि सापाच्या काचेच्या टाकीतून बारीक शिट्टी ऐकू आली, की नव्यानं साप पाळणारा माणूस हबकतो. आवाज श्वासाबरोबर येतो, थांबतो, पुन्हा येतो. अशा वेळी सगळ्यात आधी सापाचे डोळे बघायचे. ते दुधाळ, निळसर झाले असतील आणि अंगाचा रंग मळकट दिसत असेल, तर साप कात टाकायच्या बेतात आहे. नाकपुडीच्या कडेचीही कात सुटत असते. ती अर्धवट सुटलेली असताना हवेच्या वाटेत येते आणि शिट्टी वाजते. कात पडली की आवाजही जातो. पण कात पडून दोन-तीन दिवस झाले, डोळे स्वच्छ आहेत, नाकपुड्या मोकळ्या दिसताहेत आणि तरी आवाज चालूच आहे, तर तो फुप्फुसातून येतोय असं धरून डॉक्टर शोधायला लागायचं.

पाळीव सापांच्या बहुतेक तक्रारी या दोनच दारांनी येतात, कात आणि श्वास. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात, ती म्हणजे टाकीतलं तापमान, ओलावा आणि हवा. म्हणून त्या एकत्रच समजून घेतलेल्या बऱ्या.

त्याआधी एक कायद्याची गोष्ट उरकून टाकू. इथे पाळीव साप म्हणजे परदेशी जाती, मुख्यतः आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे अजगराचीच एक छोटी जात, आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. आपल्याकडची धामण, मांडूळ, अजगर, नाग यांतलं काहीही घरी ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तुम्ही त्याला कितीही जीव लावा. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटीस’ यादीतला प्राणी. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करणं बंधनकारक झालं आणि 2024 च्या नियमांनुसार ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. वडोदऱ्यात हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. विश्वामित्रीच्या मगरींबरोबर राहणारं हे गाव सरपटणाऱ्या प्राण्यांना फारसं बिचकत नाही आणि पावसाळ्यात अंगणात आलेलं धामणीचं पिल्लू ‘चार दिवस ठेवू’ म्हणून बादलीत ठेवणारी पोरं दर वर्षी निघतात. ते ठेवायचं नाही, वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवायचं.

आता फुप्फुसाकडे येऊ.

आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासपटल असतं. सापाला ते नसतं. त्याच्या फासळ्यांमधले स्नायू फासळ्या पसरवतात आणि आवळतात, आणि बाजाच्या पेटीचा भाता चालावा तशी हवा आत-बाहेर होते. श्वास घेण्यापुरतं हे ठीक चालतं. अडचण येते ती आत कफ साठल्यावर. आपण जोर लावून खोकतो आणि कफ वर काढतो, सापाला तसं धड खोकताच येत नाही. त्यात त्याचं फुप्फुस लांबलचक. कॉर्न स्नेकचं एकच, उजवं फुप्फुस काम करतं, डावं नावापुरतं असतं. अजगराच्या जातींना दोन असतात, पण डावं लहान. फुप्फुसाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, प्राणवायू तिथे घेतला जातो. मागचा भाग म्हणजे बराचसा पातळ भिंतीची पिशवी. जंतुसंसर्ग झाला की चिकट स्राव खाली उतरतो आणि तिथेच बसतो. शिवाय साप आजार लपवण्यात पटाईत असतो, जंगलात अशक्त दिसणं परवडत नाही. त्यामुळे आपल्याला लक्षण दिसतं तेव्हा आजार आधीच बराच पुढे गेलेला असतो. ‘दोन दिवस बघू’ हे माणसाच्या सर्दीला चालतं, सापाच्या फुप्फुसाला चालत नाही.

श्वासनलिकेचं तोंड कुठे असतं, हे साप जांभई देताना बघून ठेवण्यासारखं आहे. खालच्या जबड्याच्या तळाशी, जीभ जिथून बाहेर येते त्याच्या जरा मागे, एक छोटी उभी फट दिसते. ती उघडते, मिटते, पुन्हा उघडते. उंदीर गिळताना घसा पूर्ण भरलेला असतो, तेव्हा साप ही नळी पुढे सरकवून बाजूनं श्वास घेत राहतो. निरोगी सापाच्या तोंडाचा आतला भाग फिकट गुलाबी आणि नुसता ओलसर असतो. तिथे पांढऱ्या-पिवळ्या साक्याचे तुकडे, लाल ठिपके किंवा वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्यापर्यंत ताणलेल्या लाळेच्या तारा दिसल्या, तर ते बरं लक्षण नाही. मात्र हे बघायला तोंड जबरदस्तीनं उघडू नका. खाणं झाल्यावर जबडा जागेवर बसवण्यासाठी साप दोन-चार जांभया देतोच, तेव्हा मोबाइलचा टॉर्च हाताशी असला म्हणजे झालं.

ही फट बघितली, की नागपंचमीच्या दुधाचं काय होतं तेही कळतं. सापाचं दुधाशी काही नातं नाही, तो पाणी पितो. गारुडी सापाला उपाशी, तहानलेलं ठेवतात, म्हणून तो पुढे आलेलं काहीही पितो. तोंडात कोंबलेलं दूध श्वासनलिकेत उतरतं, फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. वडोदऱ्यात ही पंचमी दोनदा येते, आपली श्रावण शुद्धात आणि गुजराती शेजाऱ्यांची श्रावण वद्यात. आमची आत्या दोन्ही वेळेला वाटी घेऊन विचारते, ‘अरे, तुझ्या त्या लांबट पोराला थोडं तरी?’ तिला मी चित्राचा नाग आणि लाह्या काढून देतो. पूजा तिथेच होते.

श्वासाच्या आजाराची लक्षणं एकदम सगळी येत नाहीत. सुरुवातीला बहुधा आवाज येतो. बारीक शिट्टी, किंवा बोटानं टिचकी मारल्यासारखी टिकटिक, किंवा ओलसर घरघर. साप हातात घेतला की बोटांना त्याच्या मानेखाली थरथर जाणवते. मग नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा दिसतो. पाणी पिऊन झाल्यावर एखादा थेंब नाकाशी राहतो, तो वेगळा. तो लगेच जातो, पुन्हा पुन्हा येत नाही. पुढे तोंडाच्या कडेनं चिकट लाळ येते, काचेवर तिचे डाग पडतात. साप खाणं सोडतो. पडून राहतो, पण झोपलेला दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं आणि मान भिंतीला टेकवून उंच धरतो आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेतो. खाली डोकं ठेवलं की स्राव वर येतो आणि जीव गुदमरतो, म्हणून तो तसा बसतो. या अवस्थेतला साप उद्यावर टाकायचा नाही.

उघड्या तोंडाचं आणखी एक कारण असतं, आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात ते आधी तपासायला हवं. खोली 40-42 अंशांना गेली, वर टाकीतली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, चालूच राहिली, तर तापलेला सापही तोंड वासतो. टाकीतलं थर्मामीटर बघा. तापमान 35 च्या वर गेलं असेल तर मॅट बंद करा, साप खोलीच्या थंड कोपऱ्यात आणा आणि पाण्याचं भांडं भरून ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. अंग निवाल्यावर तोंड मिटलं तर फुप्फुसाची काळजी नको.

फुत्कार म्हणजे आजार नव्हे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. साप घाबरला किंवा चिडला की फुस्स करतो आणि तुम्ही बाजूला झालात की थांबतो. आजाराचा आवाज तुम्ही जवळ असा-नसा, शांत बसलेल्या सापाच्याही प्रत्येक श्वासाला येतो. तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर साप हमखास गप्प बसतो आणि डॉक्टर तुमच्याकडे बघत राहतात.

आता कात. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरच्या घरी सगळ्यात जास्त काही बघता येतं ते इथे.

वाढत्या वयाचा साप साधारण महिना-दीड महिन्यानं कात टाकतो, मोठा झालेला वर्षातून काही वेळाच. आधी रंग उतरतो आणि पोटाला गुलाबीसर झाक येते. मग जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव उतरतो आणि डोळे दुधाळ होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवलं असतं आणि ते खवलंही कातीबरोबरच निघतं, म्हणून डोळा असा झाकोळतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो लपून बसतो, चिडका होतो, खात नाही. खायला घालायचा आग्रह करू नका, हाताळूही नका. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखी माणसं इथे फसतात. त्यांना वाटतं, कात राहिलीच. प्रत्यक्षात डोळे निवळल्यावर चार ते सात दिवसांनी कात पडते. शिट्टीची परीक्षा करतानाही हे मधले दिवस धरावे लागतात, कारण डोळे स्वच्छ असले तरी नाकातली कात अजून जागेवरच असते. म्हणून डोळे दुधाळ झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळा प्रकार एक ते दोन आठवड्यांत संपतो.

शेवटी साप नाक दगडावर, लाकडावर घासतो, ओठापाशी कात सुटते आणि तो पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडतो. कात उलटी होऊन, अखंड निघते. ती फेकू नका. ओली असतानाच वर्तमानपत्रावर पसरा आणि डोक्याकडून शेपटीकडे बघत जा. डोक्याच्या भागात दोन गोल, बाहेर फुगलेली, काचेसारखी स्वच्छ खवली दिसायला हवीत, ती डोळ्यांची. त्यांच्या जागी दोन भोकं असतील, तर खवली अजून सापाच्या डोळ्यांवरच आहेत. मग शेपटीचं टोक बघा. तिथली कात निमुळती होत बंद झालेली हवी. टोक तुटलेलं असेल तर तो तुकडा सापाच्या शेपटीवर राहिला आहे. कात सापापेक्षा लांब भरते, ती ताणली जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुकड्यातुकड्यानं पडलेली कात बहुतेक वेळा एवढंच सांगते, की टाकीत ओलावा कमी पडला. बॉल पायथनला एरवी 55 ते 65 टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत 70 पर्यंत. कॉर्न स्नेकचं 40 ते 60 टक्क्यांत भागतं. हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र, टाकीच्या झाकणाशी लावून उपयोग नाही, साप जिथे झोपतो त्या उंचीवर लावा. ओलावा ठीक असूनही कात पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक किडे, शोधा. हनुवटीखालच्या खवल्यांत, डोळ्यांच्या कडेला काळे बारीक ठिपके हलताना दिसतात, किंवा पाण्याच्या भांड्यात तळाशी बुडालेले सापडतात. साप तासन् तास पाण्यातच बसू लागला तर हा संशय आधी घ्यायचा. हे किडे रक्त पितात आणि रोगजंतू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतात, म्हणजे कातीची तक्रार पुढे फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. जुनी जखम, कमी तापमान, अशक्तपणा हीसुद्धा कारणं असतात.

अंगावर राहिलेली कात नखानं सोलायची नाही. खालची कातडी तयार नसते, ती फाटते. एका डब्याला हवेसाठी भोकं पाडा, त्यात 28 ते 30 अंशांचं कोमट पाणी सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत घाला आणि वीस मिनिटं ते अर्धा तास साप त्यात राहू द्या. तिथून हलू नका. मग ओल्या मऊ पंचाच्या घडीतून त्याला आपणहून सरकू द्या, घासली जाऊन कात बरीचशी सुटते. नाही सुटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या सापाला श्वासाचा त्रास आहे त्याला मात्र पाण्यात सोडायचं नाही. त्याच्यासाठी उबदार डब्यात नुसता ओला पंचा.

खोबरेल तेल लावायचा मोह आवरा. मराठी घरात कोरड्या कातडीला दुसरा उपाय सुचतच नाही, हे मान्य. पण इथे पाणी हवं असतं, तेल नव्हे, आणि तेलानं नाकपुड्या बुजायची भीती असते.

शेपटीच्या टोकाशी राहिलेलं कातीचं कडं दिसायला किरकोळ वाटतं. ते सुकलं की आवळतं, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, टोक काळं पडून झडतं. एकावर एक दोन-तीन वेळच्या काती साठल्या तर हे नक्की होतं. म्हणून दर वेळी शेपटी बघा. डोळ्यावरचं खवलं राहिलं असेल तर तिथे चिमटा, चिकटपट्टी, कापसाची काडी काहीही न्यायचं नाही. जुन्याच्या जागी नवं खवलं निघालं तर डोळा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट बघा, बहुतेक वेळा दोन्ही खवली एकदम पडतात. तेव्हाही नाही पडली, तर डॉक्टर.

ओलावा वाढवायचा म्हणजे टाकी धुऊन काढल्यासारखी ओली करायची, असा समज आहे, आणि श्वासाच्या आजाराचं एक मोठं कारण तोच आहे. गार, ओलं आणि कोंदट अशी टाकी जंतूंना फार मानवते. त्यापेक्षा एक ओलसर लपायची जागा करून द्या. श्रीखंडाचा किलोचा डबा स्वच्छ धुवा, बाजूला साप शिरेल एवढं भोक पाडा, त्याची कड मेणबत्तीवर फिरवून बोथट करा आणि आत पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) किंवा ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा. डबा टाकीच्या उबदार बाजूला ठेवा. बाकी टाकी कोरडी राहिली तरी चालते, सापाला ओलावा हवा असेल तेव्हा तो डब्यात जाऊन बसतो. तरुण कॉर्न स्नेकला हा डबा पुरतो, बॉल पायथनला मोठा घ्यावा लागतो.

वडोदऱ्याच्या वर्षात सगळ्यात अवघड महिने डिसेंबर आणि जानेवारी. रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, हवा कोरडी असते. थंडीत सापाची रोगप्रतिकारशक्ती मंदावते, कारण ती त्याच्या अंगाच्या तापमानावर चालते, आणि कोरड्या हवेनं कातही अडते. दोन्ही तक्रारी हातात हात घालून याच दिवसांत येतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, तर दोन दिवस सगळं घर गच्चीवर, खाली दारं-खिडक्या सताड उघडी आणि टाकी वाऱ्याच्या झोतात. बॉल पायथनला उबदार बाजूला 31-33 आणि थंड बाजूला 25-27 अंश लागतात, कॉर्न स्नेकला 29-32 आणि 22-25. हीट मॅटला तापमान ठरल्या जागी राखणारा थर्मोस्टॅट हवाच, नुसती मॅट कधी कमी पडते, कधी पोट भाजते. याच काळात बॉल पायथन आजार नसतानाही महिना-दोन महिने खाणं सोडतो. तेव्हा उपास मोजण्यापेक्षा वजन मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, आठवड्याला एकदा, ग्रॅममध्ये. वजन टिकून असेल तर तो उपास आहे, उतरत असेल तर आजार.

पावसाळ्यात उलटा प्रकार. हवेतच 80-90 टक्के ओलावा असतो, तेव्हा फवारा बंद करा, तळातलं कोकोपीट काढून वर्तमानपत्र घाला आणि हवा खेळू द्या. उन्हाळ्यात एसीची खोली हवा कोरडी करते, कूलरची खोली दमट करते. दोन्हीत हायग्रोमीटरवर विश्वास ठेवा, स्वतःच्या अंगाला काय वाटतं त्यावर नको.

नवा साप आणला तर त्याला जुन्यापासून किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, हात, कापड सगळं वेगळं. अजगरांच्या जातींमध्ये श्वासाचा आजार विषाणूनंही होतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आजारी बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस शोधला, त्यावर औषध नाही. तापमान ठीक, ओलावा ठीक, प्रतिजैविकं झाली आणि तरी लाळ थांबत नाही, तेव्हा डॉक्टर याच बाजूनं विचार करतात.

उपचारातला घरचा वाटा थोडा आहे. तापमान त्या जातीला सोसेल त्या वरच्या टोकाला ठेवायचं, रात्रीही उतरू द्यायचं नाही, हवा कोंदट ठेवायची नाही, पाणी ताजं. वाफारा, बाम, हळद, तुळशीचा रस, आणि घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी यांतलं काही नको. सापाचा डोस वजनावर आणि तापमानावर ठरतो. डॉक्टर एक्स-रे काढतील, श्वासनलिकेतला स्राव तपासायला घेतील, बहुधा इंजेक्शनं देतील. सापाचं शरीर औषध हळू वापरतं, म्हणून काही इंजेक्शनं 72 तासांनी एकदा असतात आणि उपचार काही आठवडे चालतो. दोन इंजेक्शनांत आवाज थांबला म्हणून मधेच सोडलं तर आजार परत येतो, आणि तेव्हा आधीचं औषध लागू पडेलच असं नाही.

कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, साप बघणारे डॉक्टर थोडे. म्हणून नंबर आजारपणाआधीच मिळवून ठेवा. आणंदला, इथून साधारण 40 किलोमीटरवर, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे काय, कुठेही काय, निघण्याआधी फोन करून ‘साप बघता का’ हे विचारा. थंडीत नेताना साप सुती पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात हवेची भोकं पाडून, आणि बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, सापाला टेकणार नाही अशी. बरोबर वजनाच्या नोंदी, आवाजाचा व्हिडिओ, टाकीचा फोटो, शेवटची कात असेल तर तीसुद्धा, आणि नोंदणीचे कागद. तिसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनला पुन्हा एवढं लांब यायचं, की ते कसं द्यायचं हे डॉक्टर तुम्हालाच शिकवणार, हे तिथून निघण्याआधी विचारून घ्या.